जे पॅकेट आलंच नाही

नागपुरात सक्करदऱ्याजवळ एक अभ्यासिका आहे, चोवीस तास उघडी. निवृत्त शिक्षक असलेले सर आणि काकू ती चालवतात. खाली त्यांचं घर, वरच्या दोन मजल्यांवर ११० खुर्च्या. मुलं भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडची. खोली करून राहतात, मेसचा डबा लावतात आणि दिवसाचे दहा-दहा तास इथं मान खाली घालून बसतात. मी कॅमेरे आणि नेटवर्कची कामं घेतो. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून शिडी, ड्रिल आणि केबलचं बंडल हेच आयुष्य आहे. सरांकडचे कॅमेरे मीच लावले होते, त्यामुळे मे २०२२ मध्ये त्यांचा फोन आला तो सरळ मलाच.

तक्रार सोपी होती. दुपारी बारानंतर येणाऱ्या मुलांना वायफाय लागत नव्हतं. फोनवर 'आयपी पत्ता मिळवत आहे' एवढंच दिसायचं आणि ते तसंच राहायचं. हे कोडं सुटायला दहा मिनिटंही लागली नाहीत. जुना घरगुती राउटर १०० ते १९९ एवढेच, म्हणजे शंभरच पत्ते वाटत होता आणि एकदा दिलेला पत्ता चोवीस तास परत घेत नव्हता. पहाटेच्या मुलांचे फोन आणि लॅपटॉप मिळून शंभर पत्ते दुपारपर्यंत संपायचे. मुलगा घरी जाऊन जेवून झोपला तरी त्याच्या फोनचा पत्ता त्याच्याच नावावर अडकलेला. दुपारच्या मुलाचा फोन 'कोणी पत्ता देता का' म्हणून हाक मारायचा, राउटरकडे द्यायला काही उरलेलं नसायचं.

राउटरमधले दोन आकडे बदलून काम भागलं असतं. पण कॅमेरे, सरांचा हिशेबाचा संगणक आणि मुलांचे फोन सगळे एकाच नेटवर्कमध्ये पडलेले होते आणि ते मला बरेच दिवस खुपत होतं. सरांना म्हटलं, एकदा नीट बांधून घेऊ. ते हो म्हणाले. मग मी कागदावर आखणी केली. तीन व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली तीन नेटवर्कं: ऑफिसचा १०, मुलांच्या वायफायचा २०, कॅमेऱ्यांचा ३०. मुलांसाठी १०.२०.०.०/२२, म्हणजे १,०२२ पत्ते, आणि पत्त्याची मुदत फक्त दोन तास. आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच घेतला. राउटर म्हणून दोन लॅन पोर्टचा छोटा मिनी पीसी घेतला, त्यावर लिनक्स टाकलं आणि फायरवॉलचे, म्हणजे काय आत-बाहेर जाऊ द्यायचं याचे, नियम स्वतः लिहिले. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

रविवारी रात्री सगळं बसवलं. यूट्यूब लावून पाहिलं, चार-पाच संकेतस्थळं उघडली, ऑफिसमधून कॅमेरे दिसतात का ते बघितलं. सगळं चोख. समाधानानं घरी जाऊन झोपलो.

सोमवारी सकाळी नऊलाच सरांचा फोन. "अरे, यूट्यूब तर मस्त चालून राहिलं. पण पोरांचे फॉर्म अडकून राहिले. काहून?"

मी पोचलो. अर्ज भरायला ठेवलेल्या दोन डेस्कटॉपपैकी एकावर गडचिरोलीकडचा एक मुलगा बसला होता. लॉगिन झालं, नाव-गाव भरलं, पुढच्या पानावर गेला. फोटो चढवायचा होता, ५० केबीपेक्षा कमी. बटण दाबलं की चक्र फिरायला लागायचं आणि दोन मिनिटांनी पान मरायचं. "दादा, फोटो चढूनच नाही राहिला," तो म्हणाला. "मोबाइलचं नेट जोडलं तर चढते."

त्याच्यामागे आणखी चार जण उभे होते. त्यांच्याकडून जे कळलं ते ऐकून मी चक्रावलो. व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, फोटो जात नाही. व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो, पण त्याच माणसाला फोटो पाठवला तर गोल फिरत राहतो. डाउनलोडचा वेग भरपूर, अपलोडचा काटा शून्यावरून हलत नाही. चालत्या व्हिडिओला जागा आहे आणि पन्नास केबीच्या फोटोला नाही, हे कसं?

सोमवारचा पूर्ण दिवस मी काय केलं ते सांगतो, कारण आमच्या धंद्यात बहुतेक जण हेच करतात. वस्तू बदलल्या. दुसऱ्या मजल्यावरची केबल कूलरच्या खिडकीतून गेलेली, तिथं सतत ओल, जोडणीच्या पिना हिरव्या पडलेल्या. वाटलं, सापडलं. चाळीस मीटर नवी केबल ओढली, तीही भर दुपारी, गच्चीवरून, पत्र्याला हात लावता येत नव्हता अशा उन्हात. फरक शून्य. डीएनएस बदलून पाहिलं, वायफायचं चॅनेल बदललं, स्विचचा पोर्ट बदलला. फरक नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, आता होईल. संध्याकाळी सर शांतपणे म्हणाले, "जुनाच डबा लाव बाबा. पोरांचे फॉर्म आहेत." मी जुना राउटर लावला. फोटो पटकन गेला.

त्या क्षणी वाईट वाटलं, पण कामाची गोष्टही तीच ठरली. संकेतस्थळ ठीक, संगणक ठीक. मंगळवारी इंटरनेट कंपनीचा मुलगा आला, त्यानं आमचा डबा बाजूला काढून थेट आपल्या लॅपटॉपवरून जोडणी केली, अपलोड भरभरून आलं. "लाइन क्लिअर आहे," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. आता दोष एकाच वस्तूत असू शकत होता: मी बांधलेल्या डब्यात.

सरांशी ठरवलं की दिवसा जुना राउटर चालेल आणि मी रात्री एक ते पाच या वेळात काम करीन. तेव्हा वर फक्त सात-आठ मुलं असतात. तो गडचिरोलीकडचा मुलगा रात्रीचाच गडी. म्हणाला, "मी बसतो तुमच्यासोबत, तुम्ही म्हणाल तेव्हा बटण दाबतो." काकूंनी माठ भरून ठेवला आणि आम्ही बसलो.

या वेळी मी काहीही बदलायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त बघायचं. स्विचच्या एका मोकळ्या पोर्टवर मिररिंग सुरू केलं. डेस्कटॉपच्या पोर्टवरून जे जे जाईल-येईल त्याची हुबेहूब प्रत माझ्या लॅपटॉपवर पडायला लागली. थेट त्या डेस्कटॉपवरही पकडता आलं असतं, पण तिथं एक फसगत होते. आजकाल मोठा डेटा तुकड्यांत कापायचं काम नेटवर्क कार्ड करतं, त्यामुळे आतून पाहिलं तर कापण्याआधीचे अगडबंब तुकडे दिसतात. तारेवर खरं काय गेलं ते तारेवरूनच बघावं लागतं. लॅपटॉपवर वायरशार्क उघडलं. नेटवर्कवरून डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो, ती पॅकेटं एकेक ओळ करून दाखवणारं हे साधन. १९९८ मध्ये जेराल्ड कॉम्ब्स यांनी ते इथरियल या नावानं सुरू केलं, २००६ मध्ये नाव बदललं. अजूनही फुकट मिळतं. पॉलिटेक्निकमध्ये प्रात्यक्षिकापुरतं पाहिलेलं, सही घेतली आणि विसरलो होतो.

"दाब," मी म्हटलं. त्यानं बटण दाबलं.

पहिल्या तीन ओळी पुस्तकात असतात तशाच, जोडणी जुळवायच्या ओळखीच्या. आपल्याकडून एसवायएन, तिकडून एसवायएन-एसीके, आपल्याकडून एसीके. या ओळखीत दोन्ही बाजू आपला एमएसएस सांगतात, म्हणजे एका खेपेत किती बाइट झेपतील ते. दोघांनीही १४६० सांगितलं होतं. मग आपल्या ब्राउझरचा क्लायंट हेलो, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठीचा पहिला निरोप गेला, ५१७ बाइटचा. तिकडून प्रमाणपत्र आलं, दोन-तीन पॅकेटांत. चाव्यांची देवघेव झाली. इथपर्यंत सगळं हिरवंगार. मग फोटोचं पहिलं मोठं पॅकेट गेलं आणि पाठोपाठ पडदा काळा व्हायला लागला. वायरशार्क पुन्हा पाठवलेलं पॅकेट काळ्या पट्ट्यावर लाल अक्षरांत दाखवतं. पहिली काळी ओळ पाव सेकंदानं, दुसरी अर्ध्या सेकंदानं, मग एक, मग दोन, मग चार. टीसीपी, म्हणजे माल पोचल्याची पावती मिळेपर्यंत तो पुन्हा पाठवणारा प्रोटोकॉल, दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करत जातं. पोचलं नसेल तर रस्त्यात गर्दी असेल, आणखी थोडं थांबून बघू, असा त्याचा स्वभाव. सोळा सेकंद. बत्तीस सेकंद. तेच पॅकेट, तेच बाइट, आणि पलीकडून एक शब्द नाही.

मी तो पडदा बराच वेळ बघत होतो. त्या संगणकाची चिकाटी बघून पोटात कालवलं. दार वाजवतो आहे, थांबतो आहे, पुन्हा वाजवतो आहे.

मग सहज लांबीच्या रकान्याकडे नजर गेली. आपल्याकडून जाणारं, अडकलेलं पॅकेट: १५१४. तिकडून आलेलं, प्रमाणपत्र घेऊन सुखरूप पोचलेलं मोठं पॅकेट: १५०६. दोन्हीत इथरनेटचं डोकं (हेडर) १४ बाइटचं. ते वजा केलं तर जाणारं १५००, येणारं १४९२.

आठ. हा आठचा आकडा मला ठाऊक होता. अभ्यासिकेची जोडणी पीपीपीओई पद्धतीची, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून डायल करायची. इथरनेटच्या एका खेपेत १५०० बाइट मावतात. त्यातले सहा पीपीपीओईचं डोकं घेतं आणि दोन पीपीपीचा प्रोटोकॉल क्रमांक. आपल्या मालासाठी उरतात १४९२. म्हणजे आपल्या घरातला रस्ता १५०० रुंदीचा आणि डब्यातून बाहेर पडायची वाट १४९२ ची. तिकडचा सर्व्हर १४९२ ची पॅकेटं पाठवत होता याचा अर्थ त्याला या अरुंद वाटेबद्दल कोणीतरी सांगितलं होतं. आपल्या डेस्कटॉपला कोणी सांगितलं नव्हतं.

खात्री करायला पिंग घेतलं, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का ते बघायचं साधन. 'तुकडे करू नको' असा शिक्का मारून वेगवेगळ्या मापाची पिंगं सोडली. १४०० गेलं. १४५० गेलं. १४७२ गेलं नाही. १४६५ गेलं नाही. १४६४ गेलं. त्यात पिंगचे ८ आणि आयपीचे २० मिळवा, बरोबर १४९२. एका बाइटाचाही हिशेब चुकला नाही. मुलगा वहीत आकडे लिहून घेत होता. त्यानं बेरीज करून माझ्याकडे पाहिलं आणि हसला.

आता खरा प्रश्न राहिला होता. अरुंद वाटेच्या तोंडाशी बसलेल्या राउटरनं अशा वेळी काय करायला हवं? आपल्याकडे कॉटन मार्केटजवळ रेल्वेचा लोखंडी पूल आहे. समजा त्याखालून उंच माल भरलेला ट्रक जात नाही. तोंडाशी उभ्या माणसानं ड्रायव्हरला थांबवून सांगायचं, 'बाबा, एवढी उंची जात नाही, इतकीच जाते, माल कमी करून ये.' राउटरही तेच करतो. पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला एक छोटी चिठ्ठी धाडतो: आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणींचे निरोप नेणारा प्रोटोकॉल), प्रकार ३, कोड ४, पुढच्या वाटेचं माप १४९२. १९९० मध्ये मोगुल आणि डीअरिंग यांनी आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ही पद्धत लिहून ठेवली. चिठ्ठीत माप लिहायची सोयही त्यातलीच. चिठ्ठी मिळाली की पाठवणारा लहान पॅकेटं करतो आणि काम पुढे सरकतं. तिकडच्या बाजूला कंपनीच्या उपकरणानं हे काम इमानानं केलं होतं, म्हणून येणारा माल अडत नव्हता.

माझ्या वायरशार्कमध्ये ती चिठ्ठी नव्हती. मी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आयसीएमपीचा फिल्टर लावला. माझी पिंगं सोडली तर रिकामा पडदा. तासभर मी जे दिसतंय त्यात दोष शोधत होतो. दोष जे दिसायला हवं होतं आणि दिसत नव्हतं त्यात होता.

मग मिनी पीसीवर गेलो. तिथले फायरवॉलचे नियम उघडले आणि प्रत्येक नियमाशेजारचा मोजणीचा आकडा बघायला लागलो. एका ओळीवर आकडा होता. "दाब," मी म्हटलं. माझ्या लॅपटॉपवर काळ्या ओळी उमटायला लागल्या आणि जवळजवळ प्रत्येक काळ्या ओळीबरोबर इथला आकडा एकानं वाढायला लागला. राउटर चिठ्ठी लिहीत होता. दर वेळी लिहीत होता. आणि दारातच माझा एक नियम ती फाडून टाकत होता: पिंगपुरतं सोडून बाकी सगळं आयसीएमपी बंद, येणारंही, जाणारंही.

तो नियम मी विचार करून लिहिला नव्हता. कुठंतरी ऐकलेलं की आयसीएमपी बंद ठेवलं की बाहेरच्यांना आपला डबा दिसत नाही, सुरक्षित राहतो. ऐकलं, लिहिलं, पुढे गेलो. पिंग चालतंय म्हणजे आयसीएमपी ठीक आहे, असंही मी धरून चाललो होतो. पिंग हा त्या प्रोटोकॉलचा एक कोपरा आहे. १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी ते साधन लिहिलं आणि इतकं गाजलं की आमच्यासारखे लोक आयसीएमपी म्हणजे पिंगच समजतात. 'पोचलं नाही', 'वेळ संपली', 'माप बसत नाही' हे निरोप त्याच वाटेनं येतात. मी डब्याला बोलायचीच बंदी केली होती आणि दोन दिवस केबल बदलत होतो. मुलांचा त्यात वेळ गेला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

व्हिडिओ का चालत होता तेही आता उलगडलं. डाउनलोडमध्ये मोठा माल तिकडून येतो, आपल्याकडून जाते ती छोटी पोचपावती. शिवाय यूट्यूबसारख्या सेवा क्विक नावाच्या नव्या प्रोटोकॉलवर चालतात, त्यात पॅकेटं मुळातच बेतानं लहान ठेवलेली असतात. व्हिडिओ कॉलचंही तसंच, साधारण १,२०० बाइटच्या आत. सगळा माल त्या पुलाखालून आरामात जाणारा. मेसेज तर त्याहून लहान. अडकणार ते फक्त टीसीपीवरून बाहेर जाणारं काठोकाठ भरलेलं पॅकेट, म्हणजे फोटो, सही आणि प्रमाणपत्राची पीडीएफ. जे त्या मुलांना सगळ्यात जास्त लागत होतं, नेमकं तेच. हाच घोळ आज झाला असता तर लवकर कळलं असतं. आताच्या नव्या ब्राउझरचा क्लायंट हेलोच, त्यातल्या पोस्ट-क्वांटम, म्हणजे पुढच्या क्वांटम संगणकांनाही फोडता येऊ नये अशा मोठ्या चावीमुळे, दीड हजार बाइटच्या वर जातो. टीसीपीवरची बहुतेक पानं उघडलीच नसती.

दुरुस्ती दोन ओळींची. पण दोन्ही एकदम टाकल्या नाहीत. आधी फक्त चिठ्ठीची वाट मोकळी केली: आयसीएमपी प्रकार ३ आणि प्रकार ११ जाऊ द्यायचे, आतही आणि बाहेरही. मिररिंग चालूच ठेवलं. "दाब."

१५१४ चं पॅकेट गेलं. लगेच, एका मिलिसेकंदाच्या आत, डब्याकडून ओळ आली: तुकडे करणं आवश्यक, पुढचं माप १४९२. पुढचं पॅकेट १५०६ चं. त्यापुढचं १५०६. पोचपावत्या यायला लागल्या. मी अजून ती चिठ्ठीची ओळ वाचत होतो, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "गेला दादा. फोटो गेला." त्यानं सहीही चढवली, शुल्काच्या पानापर्यंत पोचला आणि मग माझ्याकडे न बघता तिथंच अर्ज पुन्हा वाचायला लागला. रात्रीचे पावणेतीन झाले होते.

मग दुसरी ओळ टाकली, एमएसएस क्लॅम्पिंग. यात राउटर एसवायएन पॅकेट जाता-येताच त्यातला १४६० खोडून १४५२ लिहितो. म्हणजे कोणी मोठं पॅकेट बनवतच नाही आणि चिठ्ठीची गरजही पडत नाही. जुन्या घरगुती राउटरमध्ये हे आपसूक होतं, म्हणून त्यात फोटो जात होता. मग चिठ्ठीची वाट तरी कशाला, असं कोणी विचारेल. क्लॅम्पिंग फक्त टीसीपीला लागू पडतं, बाकीच्यांना चिठ्ठीचाच आधार असतो. दोन्ही ठेवले.

नंतर वाचताना कळलं की या दुखण्याला नाव आहे, ब्लॅक होल, आणि सन २००० च्या आरएफसी २९२३ मध्ये त्याची लक्षणंही लिहिलेली आहेत: जोडणी होते, छोटं जातं, मोठं गेलं की सगळं गप्प. वाचताना अंगावर काटा आला. सक्करदऱ्यातल्या त्या डेस्कटॉपचं वर्णन कोणीतरी बावीस वर्षं आधी करून ठेवलं होतं.

पहाटे मेडिकल चौकाकडे एक टपरी उघडी होती. आम्ही दोघांनी चहा घेतला. तो म्हणाला, "दादा, तुम्ही सोमवारी त्या उन्हात केबल ओढत होते, मले वाटलं आता होईलच." मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं.

ती केबल वाया गेली नाही, पिना खराब होत्याच. डब्याच्या झाकणाच्या आत मी एक कागद चिकटवला आहे: तीन व्हीलॅन, त्यांचे पत्ते, बाहेरचं माप १४९२, एमएसएस १४५२ आणि 'आयसीएमपी सरसकट बंद करू नये'. उद्या मी नसलो आणि दुसरा कोणी आला तर त्याला हे दिसावं.

त्या रात्रीची कॅप्चर फाइल मी जपून ठेवली आहे. आता दुकानात दोन मुलं हाताखाली शिकायला आहेत. दोघांनाही ती फाइल दिली आणि एवढंच म्हटलं, यात काय झालंय ते सांगा. एकानं अर्ध्या तासात येऊन सांगितलं, सर्व्हर बंद आहे. दुसरा दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन आला, काळ्या ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा इतक्या वेळा विचारून राहिला भाऊ, पण मधातला राउटर याले काहीच सांगून नाही राहिला. त्याचं पॅकेट कुठी गेलं?"